गाईची खुरं वाढली तर काय करावं? छोट्या गोठ्यासाठी खूर साळणीची माहिती

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घरामागे दोन-चार जनावरं बांधलेली घरं अजून पुष्कळ आहेत. एक दुभती गाय, एक गाभण, एखादी म्हैस, दोन शेळ्या. दूध घरात पुरतं, उरलेलं डेअरीला जातं आणि त्या पैशातून शाळेची फी, गॅस, लाइटबिल निघतं. अशा घरांत चारा, दूध, गाभण राहणं यावर रोज बोलणं होतं. पायाकडे मात्र जनावर लंगडायला लागल्यावरच लक्ष जातं.

आमच्या घरीही हेच झालं. मी शिक्षक असलो तरी गोठ्यातलं काम लहानपणापासून केलेलं. एका संकरित गाईच्या मागच्या नख्या पुढे वाढून चपलेसारख्या वर वळल्या होत्या. अम्मी म्हणायची, "हिचे पाय बघा रे." आम्ही म्हणायचो, दूध देतेय ना, मग काय झालं? दोन महिन्यांत दूध निम्म्यावर आलं. मग ओळखीतल्या एकाला बोलावलं, त्याने गाय पाडून कोयत्याने खुरं छाटली. रक्त निघालं, त्यावर हळद दाबली. गाय पुढचे तीन महिने नीट उभी राहिली नाही आणि ते वेतच वाया गेलं. नंतर पशुवैद्यक डॉक्टरांनी पाय धुवून सगळं समजावलं, तेव्हा कळलं की आधी आमची चूक दुर्लक्षाची होती आणि नंतरची घाईची. दोन्ही टाळता आल्या असत्या. त्या दोन्ही चुका इतर घरांत होऊ नयेत म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

खूर म्हणजे नेमकं काय?

गाय, म्हैस, बैल यांच्या प्रत्येक पायाला दोन नख्या असतात, एक आतली आणि एक बाहेरची. वरून दिसतं ते कठीण आवरण आपल्या नखासारखंच मेलेलं असतं, त्याला वेदना नसते. पण त्याच्या आत जिवंत मांस, रक्तवाहिन्या आणि हाड असतं. खालच्या तळव्याची जाडी नीट असलेल्या खुरातही सात मिलिमीटरच्या आसपासच असते. म्हणजे कापताना बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षाही कमी अंतरावर जिवंत भाग असतो. कोयता इथेच घात करतो.

खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर झालं. केसांच्या रेषेजवळ तयार झालेलं खूर पुढच्या टोकापर्यंत पोहोचायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. म्हणून आज खुरावर आडवी खाच किंवा वळी दिसत असेल तर तिचं कारण काही महिन्यांपूर्वीच्या आजारात, उपासमारीत किंवा खाद्याच्या बदलात शोधावं लागतं.

गाय पाय टाकते तेव्हा वजन नखीच्या बाहेरच्या भिंतीवर आणि टाचेवर पडायला हवं. टोक लांब झालं की टाच खाली बसते, वजन मागे सरकतं आणि तळव्याच्या मागच्या भागात आतलं हाड मांसाला दाबू लागतं. तिथेच तळव्याचं व्रण तयार होतं. हे व्रण बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत होतं, कारण तिथे भार जास्त येतो.

खुरं का वाढतात?

पहिलं आणि मोठं कारण म्हणजे चालणं कमी होणं. सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात चरणारी गावठी गाय रोज दगड-मुरुमावरून मैलोन्‌मैल फिरते. तिचं खूरही वाढतच असतं, पण तेवढंच झिजतं, म्हणून तिला साळणीची गरज सहसा पडत नाही. तीच गाय कोणी विकत आणून शहरातल्या गल्लीत खुंट्याला बांधली की वाढ चालू राहते आणि झीज थांबते. सहा-आठ महिन्यांत फरक दिसतो.

दुसरं कारण खालची जमीन. कायम शेण-मुताच्या चिखलात उभं राहिलं की खूर मऊ पडतं, पसरतं आणि झिजत नाही. याच्या उलट, नव्या खरखरीत सिमेंटच्या कोब्यावर खूर गरजेपेक्षा जास्त झिजून तळवा पातळ होतो. दोन्ही टोकं वाईट.

तिसरं कारण खाद्य. एकदम जास्त धान्य, पीठ, भरडा किंवा शिळा भात पोटात गेला की पोटात आम्ल वाढतं आणि त्याचा परिणाम खुराच्या आतल्या नाजूक थरावर होतो. याला खुरदाह म्हणतात. पाय गरम लागतात, गाय पाय चोरून उभी राहते, आणि पुढे महिनोन्‌महिने खूर वेडंवाकडं वाढतं. आपल्याकडे याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे लग्न-वलीम्याच्या दावतीत उरलेलं अन्न. उरलेला पुलाव, रोट्या, ज़र्दा फेकायला नको म्हणून टोपलंभर गाईपुढे ठेवतात. अन्न वाया जाऊ नये ही नियत चांगली, पण गाईसाठी ते विष ठरू शकतं. त्यात मटणाचा अंश असेल तर मुळीच देऊ नये. नुसता भात किंवा पोळी द्यायचीच तर एक-दोन मुठी, भरपूर चाऱ्यासोबत.

चौथं कारण आजार. लाळ-खुरकूत होऊन गेलेल्या जनावराच्या खुराला जखमा झालेल्या असतात. बरं झाल्यावरही त्याची खुरं वाकडी वाढू शकतात. असं जनावर पुढचं वर्षभर नजरेखाली ठेवावं.

पाचवं कारण जात आणि रक्त. डांग-नाशिक पट्ट्यातल्या डांगी गाईची काळी, कठीण खुरं प्रसिद्ध आहेत, कारण ती जात पावसाच्या आणि डोंगराच्या मुलखात घडली. जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाईचं वजन जास्त, खूर तुलनेने मऊ आणि दिवस बांधून घालवलेला. तिच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. काही गाईंच्या नख्या पीळ पडल्यासारख्या वाढतात. हा दोष काही अंशी आईबापाकडून येतो. अशा गाईची कालवड पुढे ठेवायची का, याचा विचार करावा.

ओळखायचं कसं?

गोठ्यात शेण काढणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी दिसतं, आणि बहुतेक घरांत ते काम बायका करतात. म्हणून घरातल्या बाई "हिच्या पायाला काहीतरी झालंय" म्हणाल्या तर त्याच दिवशी बघावं. बघण्याच्या खुणा अशा:

१. नखीचं टोक वर वळलंय किंवा दोन नख्यांची टोकं एकमेकांवर चढली आहेत.

२. पुढून बघितलं तर एक नखी मोठी, दुसरी लहान दिसते.

३. गाय मागचे पाय बाहेर फाकवून उभी राहते, म्हणजे मागून बघितल्यावर तिचे गुडघे आत आणि खुरं बाहेर दिसतात.

४. एकाच पायावर भार देत नाही, सारखा पाय बदलते.

५. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहते, गव्हाणीशी उशिरा येते.

६. चालताना पाठीची कमान होते. हे तपासायला गाईला सपाट जागेवर पंधरा-वीस पावलं चालवावं. उभी असताना आणि चालताना पाठ सरळ असेल तर ठीक. फक्त चालताना पाठ वाकत असेल तर दुखण्याची सुरुवात आहे. उभी असतानाही वाकलेली असेल तर दुखणं वाढलेलं आहे. आणि पाय टेकवतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोजूनही बघता येतं. नखीच्या पुढच्या बाजूला केस संपून कठीण खूर सुरू होतं तिथून टोकापर्यंत पट्टी लावायची. मोठ्या चणीच्या होल्स्टीन गाईत हे अंतर साधारण साडेसात सेंटिमीटर असावं. गावठी लहान गाईत त्याहून कमी असतं, म्हणून आपल्या जनावराचं योग्य माप एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. जाड पुठ्ठ्याची तेवढ्या लांबीची पट्टी कापून गोठ्यात टांगून ठेवली की शाळकरी पोरगंही महिन्याला मोजू शकतं. माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी हे केलं. मोजमापाचा धडा त्यांना फळ्यापेक्षा गोठ्यात चांगला कळला.

साळणी कधी करावी?

बांधून ठेवलेल्या गाईला वर्षातून दोनदा खुरं तपासून घ्यावीत. एकदा आटवताना, म्हणजे विण्याच्या साधारण दोन महिने आधी. दुसऱ्यांदा वेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी कापायलाच हवं असं नाही. माप बरोबर असेल तर नुसती खाच साफ करून सोडावं. विनाकारण तासलेलं खूरही पातळ होऊन दुखतं.

गाभण गाईला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात पाडू नये, खोड्यात ओढाताण करू नये. भर उन्हाळ्यात खूर दगडासारखं कठीण असतं. तेव्हा कापायचंच असेल तर आदल्या रात्री आणि सकाळी पाय पाण्याने चांगले भिजवावेत किंवा ओलं पोतं गुंडाळून ठेवावं. पाऊस संपल्यावरचे दिवस आपल्याकडे या कामाला सोयीचे. खूर मऊ असतं आणि चिखलही कमी झालेला असतो.

साहित्य आणि जनावर धरणं

खूर कापायची लांब दांड्याची पक्कड, वळलेल्या टोकाचा खुरचाकू, मोठी कानस, ब्रश, पाण्याची बादली, पट्टी, स्वच्छ कापड किंवा पट्टीचा गुंडाळा, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जंतुनाशक. एवढं पुरतं. कोयता, कुऱ्हाड, पटाशी-हातोडा गोठ्याबाहेर ठेवावेत. विजेचं ग्राइंडर शिकलेल्या हातातच चांगलं. एका क्षणात तळवा जळतो आणि कळतही नाही.

जनावर उभं ठेवून काम करणं सगळ्यात सुरक्षित. त्यासाठी लाकडी किंवा लोखंडी खोडा लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात खोडा असतो. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक पक्का खोडा बसवला तर टोचणी, रेतन, खुरं सगळ्यालाच उपयोगी पडतो. मागचा पाय उचलताना सुतळी किंवा बारीक दोर वापरू नका, रुंद पट्टा वापरा. पाय सरळ मागे उचलावा, बाजूला ओढू नये.

गाय दोराने पाडून कापायची जुनी रीत आहे. ती करायचीच वेळ आली तर जाणकार माणूस हवा. जागा मऊ असावी, आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवलेला असावा, आणि गाय एका कुशीवर फार वेळ ठेवू नये. भरल्या पोटाने पाडलेल्या गाईचं पोट फुगतं, घशात आलेलं अन्न श्वासनळीत जाऊ शकतं. म्हशीच्या बाबतीत आणखी जपावं.

साळणीच्या पाच पायऱ्या

जगभर गाईंच्या खुरांसाठी जी पद्धत शिकवली जाते ती नेदरलँड्सचे पशुवैद्यक तूसाँ रावेन यांनी मांडलेली आहे. तिच्या पाच पायऱ्या आहेत. त्यातली पहिली पायरी घरच्या माणसाने शिकावी. पुढच्या चार डॉक्टरांच्या किंवा शिकलेल्या माणसाच्या हाताखाली दोन-तीनदा केल्याशिवाय एकट्याने करू नयेत.

पहिली पायरी: मागच्या पायात आतल्या नखीपासून सुरुवात. ती सहसा कमी बिघडलेली असते, म्हणून ती नमुना. पट्टी लावून खूण करायची आणि टोक पकडीने कापायचं. नवीन माणसाने मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्तच ठेवावं. नंतर तळवा टोकाकडून हलके तासायचा, टाचेला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: बाहेरची नखी आतल्या नखीच्या मापाला आणायची. दोन्ही नख्यांवर सपाट फळी टेकवली तर ती दोन्हीकडे सारखी बसली पाहिजे. पुढच्या पायात क्रम उलटा, म्हणजे आधी बाहेरची नखी आणि मग आतली.

तिसरी पायरी: दोन नख्यांच्या मधल्या बाजूला, तळव्याच्या मागच्या भागात हलकी खोलगट जागा करायची. व्रण होतं त्या ठिकाणचा दाब त्यामुळे कमी होतो आणि खाचेत शेण अडकत नाही.

चौथी पायरी: एका नखीत दुखणं असेल तर त्या नखीची टाच खाली करून भार चांगल्या नखीवर नेणं. व्रण मोठं असेल तर डॉक्टर चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात.

पाचवी पायरी: सुटलेले तुकडे, कपारी, टाचेवरच्या कठीण कडा साफ करणं.

थांबायचं कधी, हे कापण्याइतकंच महत्त्वाचं. तळव्यावर गुलाबी छटा दिसली की थांबा. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबतोय असं वाटलं की थांबा. भिंत आणि तळवा यांच्यामधल्या पांढऱ्या रेघेत काळा ठिपका दिसला तर खोल टोकरू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्त आलंच तर स्वच्छ कापड दाबून पट्टी बांधा आणि जनावर कोरड्या जागेत ठेवा. फार वाढलेली खुरं एका बैठकीत मूळ मापावर आणू नयेत. सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा थोडं थोडं कापावं.

काय करू नये

जखमेवर शेण, चुना, बॅटरीचं पाणी, रॉकेल, पेट्रोल किंवा दाट फिनेल टाकू नये. याने किडे मरतात असं वाटतं, पण चांगलं मांसही जळतं आणि जखम महिनाभर मागे जाते. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊ नये. डॉक्टरांनी दिलं तर त्या औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, हे विचारून तेवढे दिवस दूध घरात किंवा डेअरीत देऊ नये. ते दूध दुसऱ्यांची लेकरंही पितात.

लंगड्या बैलाला गाडीला किंवा नांगराला जुंपू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आजारी, जखमी जनावराकडून काम करून घेणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मुक्या जनावराच्या हक्काचा जाब आपल्याला द्यायचा आहे, हे आपण घरात शिकलेलोच आहोत.

डॉक्टर कधी, कुठे?

पाय टेकवत नसेल, खुराच्या वर सूज असेल, खाचेतून घाण वास किंवा पू येत असेल, ताप असेल, किंवा तोंडातून लाळ आणि पायाला फोड एकदम दिसत असतील तर वाट बघू नये. शेवटच्या बाबतीत लाळ-खुरकुतीची शंका असते. ते जनावर लगेच वेगळं बांधावं, त्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि दवाखान्यात कळवावं.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हाच क्रमांक आहे. प्रशिक्षण हवं असेल तर नंदुरबारजवळ कोळद्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. पाच-दहा पशुपालक मिळून गेले आणि खूर साळणीचं प्रात्यक्षिक मागितलं तर एकट्याने विचारण्यापेक्षा काम सोपं होतं.

लंगडी गाय टेम्पोत घालून नेण्यापेक्षा शक्यतो डॉक्टरांना गोठ्यात बोलवावं. एक तर चढ-उतारात पाय आणखी दुखावतो. दुसरं, १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. उपचारासाठी न्यायचंच असेल तर दाखला, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आणि दवाखान्याची चिठ्ठी सोबत ठेवावी. रस्त्यात विचारपूस झाली तर कागद हातात असलेला बरा.

आणखी एक गोष्ट सरळ बोलायला हवी. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे कायमचं लंगडं झालेलं जनावर विकून मोकळं होणं हा मार्ग राहिलेला नाही. ते दावणीलाच राहणार, त्याचा चारा आपणच घालणार. दोन-तीन जनावरांच्या घराला एक लंगडी गाय म्हणजे तिच्या दुधाचा तोटा आणि तिच्या चाऱ्याचा खर्च, दोन्ही एकाच वेळी. म्हणून लहान गोठ्याला खुरांची निगा मोठ्या गोठ्यापेक्षा जास्त गरजेची आहे.

गोठा आणि खाद्य: पुन्हा वाढू नये म्हणून

रोज तास-दोन तास जनावर सुटं फिरू द्या. चरायला जागा नसेल तर घरामागे मुरुम टाकलेला छोटा मोकळा तुकडाही चालतो. बसायची जागा कोरडी हवी. शेण दिवसातून दोनदा काढा, मूत वाहून जाईल असा उतार ठेवा. कोबा नवीन असेल तर त्यावर रबरी चटई किंवा कोरडा पालापाचोळा अंथरा.

खाद्यात बदल आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू करा. शहादा भागात उसाच्या हंगामात वाढे फुकट मिळतात म्हणून महिनोन्‌महिने तेच घालतात. नुसत्या वाढ्यांमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी पडतं. सोबत कडबा, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण हवंच. मोठ्या दुभत्या गाईला साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण रोज देतात. त्यात जस्त असल्याची खात्री करावी, कारण खुराच्या मजबुतीला जस्त लागतं. बायोटिनचाही उपयोग होतो, पण त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका.

पावसाळ्यात खाचेत घाण साचून खूर सडतं. त्यासाठी मोरचुदाचं पाणी वापरतात. प्रमाण पाच टक्के, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. आधी पाय स्वच्छ धुवावेत, नाहीतर शेणामुळे औषधाचा जोर जातो. प्लास्टिकच्या पसरट टबात खूर बुडेल एवढं पाणी घेऊन प्रत्येक पाय काही मिनिटं उभा करावा. मोरचूद विषारी आहे. जनावराने ते पिऊ नये, लेकरांच्या हाती लागू नये, आणि उरलेलं पाणी विहीर, नाला किंवा गवतावर टाकू नये. मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं, म्हणून मेंढ्या-शेळ्यांसाठी मोरचुदाऐवजी दहा टक्के झिंक सल्फेटचं पाणी डॉक्टरांना विचारून वापरावं.

लाळ-खुरकुतीची लस सरकारी मोहिमेत दर सहा महिन्यांनी दिली जाते. पथक गल्लीत आलं की जनावरं लपवू नका. "लस दिली की दूध कमी होतं" ही भीती पुष्कळ घरांत आहे. एक-दोन दिवस थोडं कमी होऊ शकतं. रोग झाला तर मात्र वेत जातं आणि खुरंही जातात.

शेळ्यांच्या बाबतीत

बांधून पाळलेल्या शेळ्या-बोकडांची खुरं गाईपेक्षाही लवकर डोळ्यात येतात. भिंत वाढून तळव्याखाली दुमडते आणि आत माती-शेण साचतं. दर दीड-दोन महिन्यांनी बघावं आणि दुमडलेली कड छोट्या कात्रीने कापावी. शेळी हाताळायला हलकी असल्याने हात बसवायला इथूनच सुरुवात करणं बरं. बकरी ईदसाठी बोकड पाळणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. उघड लंगडणारं जनावर कुर्बानीला चालत नाही. वर्षभर खाऊ घातलेला बोकड ऐन वेळी पायामुळे मागे राहिला तर तो दोष बोकडाचा नसतो.

नालबंदांचं कसब

हे काम आपल्याला नवीन नाही. नालबंद हे आडनाव आपल्या समाजात आजही आहे. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकणं हा त्या घराण्यांचा पिढीजात धंदा. बैलाच्या दोन नख्या वेगळ्या हलतात म्हणून प्रत्येक नखीला वेगळी पत्री लागते. ती ठोकण्याआधी खूर सपाट तासावं लागतं, आणि खिळा जिवंत भागाला लागू न देता बाहेर काढायचा असतो. खुराची जाडी हाताला कळल्याशिवाय हे जमत नाही. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तसं हे कामही कमी झालं. गाईची साळणी ही पत्री मारण्यापेक्षा वेगळी, पण हात तोच लागतो. नालबंद घराण्यातल्या कोणा तरुणाने पशुवैद्यकाकडून गाईची पद्धत शिकून घेतली तर गावोगावच्या गोठ्यांत त्याला काम आहे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पाय उचलून बघितल्याशिवाय जाणता माणूस सौदा करत नाही. गाय घेताना मात्र आपण कास बघतो, दात बघतो आणि पैसे मोजतो. यापुढे गाय घेताना तिला आधी वीस पावलं चालवा, मग खाली वाकून चारही पाय बघा.

गोठ्याची वही

शेवटी एक सोपं काम. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक जनावराला एक पान. त्यावर बिल्ल्याचा क्रमांक, वेल्याची तारीख, लसीची तारीख, खुराचं माप आणि साळणीची तारीख. महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी घेऊन गोठ्यात जायचं, मोजायचं आणि लिहायचं. चार जनावरांना अर्धा तास लागतो. आमच्या घरी ही वही आता आठवीतली मुलगी सांभाळते, आणि एखादा महिना चुकला तर तिची दादी तिला आठवण करून देते.